जमीन हलली, पण माणसं कशानं गेली?

मागच्या वेळी आम्ही म्हणालो होतो, मनात येईल ते विचारा. लोहारा भागातल्या एका गटानं विचारलं, "आपला भूकंप जगातला सगळ्यात मोठा होता का?"

नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून माणसं झोपलेली. त्या भूकंपाचा आकडा होता सुमारे ६.२. गुजरातमधला २००१ चा होता ७.७. दीडाचाच फरक, असं वाटेल. पण एका अंकानं जोर ३२ पटीनं वाढतो! म्हणजे त्याच्यापुढं आपला लहानच. तरी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. हादरा जमिनीत फार खोल नव्हता, वेळ झोपेची, आणि घरं माळवदाची.

माळवद उन्हाळ्यात गार, म्हणून आपल्याला प्यारं. पण त्याची भिंत आतून बघा. बाहेर दगडांचा एक थर, आत एक, मधे गोटे आणि चिखल. दोन्ही थरांनी एकमेकांना धरलेलंच नसतं. जमीन आडवी हलली की ते फुगून सुटतात. वर मातीचं ओझं. गळलं की आणखी माती टाकायची, असं वर्षानुवर्षं. बऱ्याच घरांत लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती पडल्या.

"खाली काळा पाषाण, मग भूकंप कसा?" भारताची जमीन वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकते आणि हिमालयापाशी अडते. तो ताण इथवर पोचतो. पाषाणाखाली जुनी कच्ची जागा असली की ती सरकते. कधी सरकेल, ते आजही कुणाला सांगता येत नाही. कुत्री भुंकली म्हणून भूकंप येतो, असंही धरून चालू नका.

मग हातात काय आहे? घर. जुन्या माळवदात राहत असाल तर जाणत्या गवंड्याला दाखवा. वरची जादा माती उतरवता येते. भिंतीत आरपार लांब दगड बसवता येतात. दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा घालता येतो. भूकंपानंतर महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' होऊन घरोघरी हेच समजावत फिरल्या. तुमच्या गावात त्यांतल्या कुणी असतील तर पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा.