नाव, क्रमांक आणि नोंदवही



गेल्या गळीत हंगामात एका दुपारी वजनकाट्यावर दोन तास गाड्या खोळंबल्या होत्या, हे पुष्कळांना आठवत असेल. काटा चालू होता, वजनही दिसत होते, पण पावती काही निघेना. ऊस उन्हात वाळत होता, आणि वजनाआधी वाळलेल्या उसाची घट सभासदाच्याच पदरात पडते. त्यामुळे लोकांनी आम्हाला चार शब्द सुनावले, ते रास्तच होते. कारण शोधले तेव्हा कळले की, नव्याने बसवलेल्या कॅमेऱ्याला काट्यावरच्या संगणकाचाच क्रमांक दिला गेला होता. कोणता क्रमांक कोणाला दिला, याची नोंदच कुठे नव्हती.

त्यानंतर गटसभांतून विचारणा झाली, की हे क्रमांक म्हणजे आहे तरी काय, आणि त्यावर खर्च कशाला? आम्ही शेतकी खात्याची माणसे. पण काट्यावर सभासदाला उत्तर द्यायला आम्हीच उभे असतो. म्हणून माहीतगारांकडून समजून घेऊन हे लिहीत आहोत.

गट क्रमांक आणि वडाचा मळा

गावात आपण म्हणतो 'वडाचा मळा'. पण सात-बारावर ते नाव चालत नाही, तिथे गट क्रमांक लागतो. संगणकाचेही तसेच आहे. जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो, त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. माणसाच्या लक्षात नाव राहते, यंत्राला क्रमांक लागतो. नाव सांगितले की क्रमांक काढून देणारी जी व्यवस्था, तिला डी.एन.एस. म्हणतात. ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी साऱ्या नावांची एकच यादी असे आणि तीच सगळीकडे उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ती यादी पुरी पडेना.

जुन्या पद्धतीचे क्रमांक एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती कोठारातला त्यांचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. आता आय.पी. सहा या पद्धतीचे नवे, लांबलचक क्रमांक आले आहेत, ते संपण्याची भीती नाही. शिवाय काही क्रमांक प्रत्येकाने आपल्या आवारापुरते वापरावेत, अशी मुभा आहे. गट क्रमांक १ प्रत्येक गावात असतो, तरी घोटाळा होत नाही, तसेच हे. घोटाळा होतो तो एकाच गावात दोन शेतांना एकच क्रमांक दिला तर. आपल्या काट्यावर नेमके तेच झाले.

आपल्या देशात हे क्रमांक वाटण्याचे काम 'निक्सी' या संस्थेची 'आय.आर.आय.एन.एन.' ही शाखा २०१२ पासून करते. शेवटी '.इन' असलेली नावेही निक्सीकडेच नोंदली जातात, आणि २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असे नावही मिळते.

नावाची वही कोणाकडे ठेवायची?

पहिला मार्ग, आपलाच संगणक ठेवून वही आपणच सांभाळणे. 'बाइंड' नावाची आज्ञावली त्यासाठी फुकट मिळते आणि ती जगभर चालते. पण ती राखायला जाणता माणूस लागतो, आणि संगणक किमान दोन, तेही वेगवेगळ्या जागी हवेत. स्वतःचा ट्रॅक्टर घेतला की चालकही ठेवावा लागतो, त्यातली गत.

दुसरा मार्ग, ज्याच्याकडून नाव विकत घेतले त्याच्याकडेच वही ठेवणे. बहुधा वेगळे पैसे पडत नाहीत. नुसते माहितीपत्रक लावायचे असेल तर हे पुरते. मात्र अडचण आली की दाद लवकर लागेलच, असे नाही.

तिसरा मार्ग, हेच काम करणाऱ्या स्वतंत्र कंपनीकडे वही देणे. क्लाउडफ्लेअरची साधी सेवा विनामूल्य आहे. ॲमेझॉनची 'रूट ५३' ही सेवा २०१० पासून आहे. तिचा जाहीर दर एका नावाला महिना अर्धा डॉलर, आणि दर दहा लाख विचारणांना चाळीस सेंट. आपल्यासारख्या कारखान्याला हा बोजा नाही. या कंपन्यांच्या वह्या जगात अनेक ठिकाणी ठेवलेल्या असतात, म्हणून एक जागा बंद पडली तरी दुसरीकडून उत्तर मिळते.

क्रमांकाची नोंदवही

ही वही वेगळी. आवारात कोणता क्रमांक कोणत्या यंत्राला दिला, कधी दिला, कोणी दिला, ते हिच्यात लिहायचे. आम्ही ऊसनोंदीत सभासद, गट, जात, लागणीची तारीख लिहितो, तशीच ही. पंचवीस-तीस यंत्रे असतील तर साधा तक्ता पुरतो, पण तो रोज खरा ठेवला पाहिजे. यंत्रे शंभरावर गेली की 'नेटबॉक्स' किंवा 'पी.एच.पी. आयपॅम' या फुकट मिळणाऱ्या आज्ञावल्या बऱ्या. विंडोज सर्व्हरमध्येही २०१२ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. इन्फोब्लॉक्स, ब्लूकॅट, एफिशियंट आय.पी. या कंपन्या नाव, क्रमांक आणि वाटप ही तिन्ही कामे एकत्र देतात. माल चांगला आहे, पण तो हजारो यंत्रे असलेल्या बँका आणि मोठ्या उद्योगांसाठी. दोन एकराला हार्वेस्टर घेऊ नये.

मोठ्यांचेही चुकते

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या कामात एक आज्ञा चुकली, कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले आणि नावाची वही ठेवलेले त्यांचे स्वतःचे संगणकही जगाला दिसेनासे झाले. किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावे, तसे झाले. त्याआधी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या अमेरिकी डी.एन.एस. कंपनीवर हल्ला झाला. घरोघरच्या असुरक्षित कॅमेऱ्यांसारखी यंत्रे ताब्यात घेऊन तिच्यावर विचारणांचा मारा केला गेला, आणि ट्विटरसारखी मोठी ठिकाणे काही तास मिळेनाशी झाली. कंपनी नावाजलेली असली तरी आपली दुसरी सोय हवी, आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, एवढे यातून घ्यावे.

सभासदांचा संबंध

ऊसबिल बँकेत जमा होते. खोट्या नावाचे ठिकाण उघडून लोकांचे पैसे काढण्याचे प्रकार वाढले, म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही, आपली ठिकाणे '.बँक.इन' या शेवटावर आणण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही नावे हैदराबादची आय.डी.आर.बी.टी. ही एकच संस्था देते, वाटेल त्याला ती मिळत नाहीत. तेव्हा मोबाईलवर बँकेच्या नावाने काही आले तर नावाचा शेवट वाचा. हा शेवट नसेल तर खाते क्रमांक किंवा ओ.टी.पी. मुळीच देऊ नका. थेट शाखेत जाऊन विचारा.

आमची शिफारस

आम्ही कार्यालयाकडे पाच गोष्टी लेखी मागितल्या आहेत. कारखान्याचे नाव कारखान्याच्याच नावाने नोंदलेले असावे, संगणक पुरवणाऱ्याच्या नावाने नव्हे. नाहीतर तो सोडून गेला की आपले नावही अडकते. नूतनीकरणाची तारीख हिशेब खात्याच्या वहीत असावी. नावाची वही स्वतंत्र सेवेकडे द्यावी आणि तिच्या किल्ल्या दोन जबाबदार माणसांकडे असाव्यात. काटा, हिशेब आणि प्रयोगशाळा यांचे क्रमांक कायमचे राखून ठेवावेत. आणि क्रमांकाची नोंदवही आजच सुरू करावी, तिची एक छापील प्रत काट्यावर टांगावी, म्हणजे वीज गेली तरी वाचता येईल.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, शिस्त लागते. वार्षिक सभेत हा विषय निघाला तर सभासदांनी जरूर विचारावे, "नोंदवही कुठे आहे? दाखवा." वही समोर आली तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

आपला,
ऊस विकास अधिकारी