अंगठ्याची साक्ष

देण्याघेण्याचा व्यवहार दोघांत होतो, पण तो टिकतो तिसऱ्याच्या साक्षीवर. हा तिसरा कधीं गांवचा पंच असे, कधीं स्टँपाचा कागद असे, तर कधीं वहीच्या पानावर उठविलेला शाईचा अंगठा असे. ज्याला अक्षर येत नाहीं त्यानें अंगठा पुढें करावा आणि त्या अंगठ्याच्या वरचा मजकूर दुसऱ्यानें लिहावा, असा हा जुना शिरस्ता. वर काय लिहिलें आहे हें अंगठा देणाऱ्यास कळत नसे. म्हणूनच ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपल्या भाषेंत हिणविण्यासाठीं रूढ झाला. माहितीची नोंद करणें, ती दूर पाठविणें व क्षणांत ताडून पाहणें या नव्या तंत्रानें आज त्याच अंगठ्याचें स्थान बदललें आहे. आणि त्याबरोबर दुकान, बाजार, कचेरी व मजुरीची जागा यांचेंहि रूप पालटत आहे. हा पालट कसा होतो व त्यांत कोणाचा लाभ आणि कोणाची हानि होते, हें पाहावयाचें तर नंदुरबार जिल्ह्याकडे वळावें.

१ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून हा जिल्हा निराळा काढण्यांत आला. तापीच्या खोऱ्यांतील काळी सुपीक जमीन, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा, असा हा मुलूख आहे. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या सुमारें १६ लाख ४८ हजार भरली. त्यांत शेंकडा ६९ लोक आदिवासी जमातींचे होते. साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ६४ म्हणजे त्या वेळीं महाराष्ट्रांत सर्वांत कमी होतें. याच जिल्ह्यांत, शहादा तालुक्यांतील टेंभली या लहानशा गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत दहा गांवकऱ्यांना ते मिळाले, आणि त्यांतील पहिला क्रमांक गांवच्या एका स्त्रीच्या नांवें निघाला. ज्या जिल्ह्यांत सही करणारे सर्वांत कमी, तेथूनच अंगठ्याच्या या नव्या राज्याला आरंभ व्हावा, हा योग अर्थपूर्ण खरा.

बोटाच्या ठशाचा व्यापारांतील उपयोग मात्र याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा उगमहि हिंदुस्थानांतलाच आहे. १८५८ सालीं बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें रस्त्याच्या सामानाचा मक्ता राज्यधर कोनाई नांवाच्या मक्तेदारास दिला. पुढें हा गृहस्थ करार नाकारील या शंकेनें त्यानें कागदाच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. तेथून हा विचार वाढत गेला आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघां हिंदी कर्मचाऱ्यांनीं ठशांचें असें गणिती वर्गीकरण बसविलें कीं, हजारों ठशांच्या ढिगांतून नेमका हवा तो कागद हातीं यावा. अंगठा आंकड्यांत बसविण्याची कला ती हीच. आजचीं यंत्रें तिच्याच वंशांतलीं आहेत.

या यंत्रांचें काम समजण्यास फारसें अवघड नाहीं. कांचेवर बोट ठेवलें म्हणजे त्यावरील रेषांचें चित्र उमटतें. कोणती रेषा कोठें संपते, कोणतीस कोठें फांटा फुटतो, हें यंत्र टिपून घेतें व त्याचे आंकडे करतें. हे आंकडे बारा अंकी आधार क्रमांकासह सांकेतिक रूपांत बिनतारी लहरींनीं दूर जातात. बंगळूर व मानेसर येथें या क्रमांकांचीं भांडारें आहेत. तेथें त्याच क्रमांकाच्या नोंदीशीं ठसा ताडला जातो, आणि ‘जुळला’ किंवा ‘जुळला नाहीं’ एवढेंच उत्तर परत येतें. जुना अंगठा कागदास चिकटून राही, व तो कागद ज्याच्या पेटींत त्याच्या हातीं सत्ता असे. नवा अंगठा कोणाच्याच पेटींत राहत नाहीं. साक्ष गांवाबाहेर गेली, हाच या सर्व बदलाचा गाभा आहे.

पेढीच्या व्यवहारांत याचा परिणाम प्रथम दिसला. जानेवारी २००६ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बँकांना गांवोगांव प्रतिनिधि नेमण्याची मुभा दिली. ऑगस्ट २०१४ मध्यें जनधन योजना निघून घरोघर खातीं उघडलीं गेलीं. अक्राणीच्या डोंगरांतील पाड्यावरच्या माणसास पूर्वीं दोनशें रुपये काढण्यासाठीं तालुक्याच्या गांवीं जावें लागे; भाडें जाई आणि दिवसाची मजुरी बुडे, ती निराळीच. आतां जेथें बँकमित्र आहे तेथें मीठमिरचीच्या दुकानांतच हाताएवढें यंत्र असतें. बोट टेकावें, ठसा जुळावा, दुकानदारानें गल्ल्यांतून रक्कम मोजून द्यावी. खजिनदाराचें काम वाण्याकडे आलें, आणि फळीवरच्या साबणाच्या वड्यांशेजारीं बँकेची शाखा उघडली.

सरहद्दीवरच्या या जिल्ह्याला दुसरा लाभ झाला तो धान्याचा. पाऊस संपला कीं येथील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात. शिधापत्रिका गांवच्या दुकानाशीं बांधलेली असल्यामुळें माणूस गेला कीं त्याचा शिधा मागें राही. ९ ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र व गुजरात यांच्यामध्यें ही गांठ सोडविण्यांत आली, आणि २०२२ पर्यंत सर्व देशांत तीच सोय झाली. नोंद दुकानाच्या वहींत नसून दूरच्या भांडारांत आहे, म्हणूनच हें शक्य झालें. मजूर चालतो तसा त्याचा हक्कहि त्याच्याबरोबर चालूं लागला.

बाजारांत मात्र चित्र इतकें सरळ नाहीं. नंदुरबारची लाल मिरची प्रसिद्ध आहे. हंगामांत गांवाबाहेरच्या पथारींवर ती वाळत पडली म्हणजे जमीन तांबडी होऊन जाते. शहाद्याकडे पपईचे मळे आहेत. पूर्वीं भाव म्हणजे अडत्याच्या तोंडचा शब्द. आतां खिशांतल्या मोबाइलवर दूरच्या बाजारांतील भाव घरबसल्या कळतो. १४ एप्रिल २०१६ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषि बाजारानें तर लिलावच संगणकावर आणण्याचा मार्ग दाखविला. परंतु भाव कळणें निराळें आणि भाव मिळणें निराळें. वाळलेली मिरची चार दिवस राखून ठेवतां येते; झाडावर पिकलेली पपई थांबत नाहीं. दिल्लीचा भाव ठाऊक असूनहि ज्याच्यापाशीं मालमोटार नाहीं, शीतगृह नाहीं, त्याला दाराशीं आलेल्या व्यापाऱ्याचाच आंकडा मान्य करावा लागतो. माहितीनें अज्ञान जातें. अडचण जाण्यास रस्ते, गोदामें व संघटना लागतात.

कचेरींतील बदल याहून सूक्ष्म आहे. सात-बाराचा उतारा तलाठ्याच्या दप्तरांतून काढावयाचा म्हणजे हेलपाटे ठरलेले. २०१८ पासून तो संगणकीय सहीनिशीं मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि शेतांत कोणतें पीक उभें आहे याची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच मोबाइलवर छायाचित्रासह करावी, असें ठरलें. यांत स्वातंत्र्य आहे यांत शंका नाहीं. पण बारकाईनें पाहिलें तर कारकुनाचें काम नाहींसें झालेलें नसून तें खातेदाराच्या अंगावर आलें आहे. ज्याच्या घरीं शिकलेला मुलगा आहे त्याला तें सोपें. ज्याच्या घरीं नाहीं तो पुन्हां कोणाच्या तरी दुकानीं पैसे मोजून नोंद करवून घेतो.

मजुरीच्या जागीं तर प्रश्न पोटाचाच होतो. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें रोजगार हमीची योजना काढली, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यानें ती कल्पना देशभर नेली. अशा कामांवर हजेरीपत्रक हाच मजुराचा प्राण. त्यांत खोटीं नांवें घुसत आणि खरीं गळत, ही तक्रार जुनीच. मजुरी थेट खात्यांत जमा होऊं लागली तेव्हां मुकादमाच्या हातचा एक अधिकार गेला. पुढें १ जानेवारी २०२३ पासून कामावरील हजेरी दिवसांतून दोनदां छायाचित्र काढून पाठविण्याची सक्ति झाली, आणि १ जानेवारी २०२४ पासून मजुरी देण्यास आधारचा आधार अनिवार्य झाला. हेतु चोरी थांबविण्याचा होता. परंतु डोंगराच्या कुशींत जेथें लहरी पोंचत नाहींत तेथें छायाचित्र जात नाहीं. आणि छायाचित्र गेलें नाहीं तर दिवसभर माती उपसलेला मजूर कागदोपत्रीं गैरहजर ठरतो.

तसेंच बोटाचें. आयुष्यभर कुदळ धरलेल्या, मिरचीचे देंठ खुडलेल्या हातांच्या रेषा झिजतात, भेगाळतात. ज्यानें सर्वांत अधिक काम केलें त्याचाच ठसा यंत्राला ओळखूं न यावा, असा हा विपरीत न्याय. यासाठीं डोळ्याच्या बाहुलीभोंवतालच्या पडद्याची खूण ताडण्याची सोय आहे. ठसा जुळला नाहीं म्हणून धान्य नाकारूं नये, अशी सूचना केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०१७ मध्यें दिली. २६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आधारची योजना बहुमतानें उचलून धरली. पण यंत्राच्या अपयशामुळें कोणी हक्काला मुकूं नये, ही चिंता त्या निर्णयांतहि व्यक्त झाली. नियम आहेत; प्रश्न असा कीं, दुकानाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या म्हातारीस तो नियम सांगणार कोण?

येथेंच जुन्या व नव्या साक्षीचा खरा भेद कळतो. जुना वहीवाला लबाड असला तरी त्याच्याशीं भांडतां येई, चार माणसें गोळा करतां येत. यंत्राशीं भांडतां येत नाहीं. ‘जुळत नाहीं’ म्हणून तें गप्प बसतें, आणि त्याच्या मागें उभा असलेला मनुष्य ‘माझ्या हातीं कांहीं नाहीं’ म्हणून हात झटकतो. शिवाय लबाडीचा मार्ग अगदींच बंद झालेला नाहीं. ‘ठसा उमटला नाहीं, पुन्हां बोट ठेवा’ असें सांगून एकाच्या ठिकाणीं दोन रकमा काढणारा प्रतिनिधि हा जुन्या सावकाराचाच नवा अवतार होय; आणि पावती वाचतां न येणारा माणूस त्याच्यापुढें पूर्वींइतकाच उघडा आहे.

म्हणून यंत्र आणणाऱ्या प्रत्येक कचेरीनें व दुकानानें दोन गोष्टी त्याच्या जोडीला ठेवल्या पाहिजेत. एक, यंत्र चुकलें तर हातानें नोंद करून काम पुरें करण्याचा अधिकार असलेला, नांवानिशीं ठाऊक असलेला मनुष्य. दुसरी, प्रत्येक व्यवहाराची छापील पावती, आणि ती मोठ्यानें वाचून दाखविण्याची रीत. या दोन्ही गोष्टींना खर्च थोडा येतो. त्या नसल्या तर कोणाची मजुरी, कोणाचा महिन्याचा शिधा बुडतो. साक्ष गांवाबाहेर गेली हें इष्टच झालें, कारण तिजवर एका पेटीचा ताबा उरला नाहीं. पण दाद मात्र गांवांतच मिळाली पाहिजे. आणि अखेर, ज्याच्या अंगठ्यावर एवढा मोठा कारभार चालतो त्याला अंगठ्याखालचा मजकूर वाचतां यावा, याची सोय शाळेनेंच करावयाची आहे. तें काम कोणत्याहि यंत्रावर सोंपवितां येणार नाहीं.