राजगड ‘राष्ट्रीय’ का नाही?

राजगडावर तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. रायगडाच्या आधी वीसहून अधिक वर्षं स्वराज्याची राजधानी इथे होती. पण कायद्याच्या भाषेत राजगड ‘राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक’ नाही. लोहगड आहे, शनिवारवाडा आहे. राजगड, प्रतापगड, साल्हेर नाहीत. ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत.

मी उपग्रह प्रतिमांवरून गडांभोवतीची जमीन कशी बदलतेय ते मोजते. त्या तक्त्यात ‘संरक्षण कोणाचं’ असा एक रकाना आहे. तो भरताना लक्षात येतं की इथे ‘राष्ट्रीय’ हे माप नाहीये, ती एक यादी आहे.

ही यादी आली कुठून? कर्झनच्या काळात, 1904 साली, प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. इंग्रज अधिकाऱ्यांना जे जपण्यासारखं वाटलं ते त्याखाली संरक्षित झालं. 1951 मध्ये संसदेने कायदा करून त्या कायद्याखाली केंद्राने संरक्षित केलेली सगळी स्मारकं एका फटक्यात राष्ट्रीय महत्त्वाची ठरवली. 1958 च्या कायद्याने, म्हणजे आज लागू असलेल्या, ते तसंच पुढे नेलं. म्हणजे ‘राष्ट्रीय’ हे विशेषण नवं, निवड बरीचशी जुनीच. नंतर भर पडत गेली हे खरं, पण एकेक स्मारक नव्याने तपासून यादी मांडली गेली नाही.

याचा परिणाम गमतीशीर आहे. देशात अशी साधारण 3,700 स्मारकं आहेत आणि त्यांत कंपनी सरकारच्या शिपायांच्या कबरीसुद्धा आहेत. 2013 मध्ये ‘कॅग’ने प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली तेव्हा 92 स्मारकं सापडलीच नाहीत! त्यांतली काही पुढे सापडली. 2024 मध्ये 18 स्मारकं यादीतून काढायचं ठरलं. झाशीकडची गनर बर्किलची कबर आणि हरियाणातल्या मुजेसरचा कोस मिनार त्यांत आहेत. त्यासाठी वापरलेलं कलम 35 काय म्हणतं? स्मारकाचं राष्ट्रीय महत्त्व ‘उरलेलं नाही’. हरवलं असं म्हणायची सोय कायद्यात नाही.

आता मुख्य मुद्दा, कारण यादीत असणं म्हणजे नुसता मान नव्हे. 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून सगळ्या दिशांना 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे 200 मीटर विनियमित क्षेत्र असतं. पहिल्या पट्ट्यात नवं बांधकाम बंद, दुसऱ्यात परवानगीने.

हे नकाशावर काढून बघा. शनिवारवाड्याभोवती 100 मीटरमध्ये दाट पेठ येते. तिथल्या जुन्या वाड्याची भिंत फुगली तर परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते, पण पाडून नव्याने बांधता येत नाही. पावसाळ्यात त्या घरात झोपणाऱ्या माणसासाठी वारसा म्हणजे हे. उलट डोंगरी किल्ल्याला तीच पट्टी लावा: तटापासून आडव्या 100 मीटरची रेघ बऱ्याचदा कड्याच्या उतारावरच संपते. तिथे तसंही कोण बांधणार? बुरुजावरून दिसणारा घेरा, पायथ्याची वाट, म्हणजे ज्यामुळे गड गड वाटतो ते सगळं, रेघेच्या बाहेर राहतं. आणि राजगडाला केंद्राची ही पट्टी लागूच होत नाही, कारण तो त्या यादीत नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले 8 केंद्राकडे, 4 राज्याकडे. जगाच्या यादीत ते एकच नोंद आहेत, घरी मात्र दोन कायद्यांखाली. माझ्या मते राजगडाला ‘राष्ट्रीय’ची पाटी मिळाल्याने फार बदलणार नाही, 100 मीटर तिथेही कड्यावरच संपतील. उपाय कायद्यातच आहे, कलम 20-ई: प्रत्येक स्मारकासाठी, त्याची जागा बघून, वेगळे वारसा उपनियम करायचे. 2010 पासून ही तरतूद आहे, पण बहुतेक स्मारकांचे उपनियम अजून झालेले नाहीत, आणि तोवर पेठेला आणि कड्याला एकच टेप लावली जातेय.