कांडी कुणी भरली?

खड्डामाग एकदा घरात बसला की हलत नाही. जमिनीत खणलेला खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसलेला विणकर, पायाखाली पावड्या, छातीसमोर फणी आणि खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेला उभ्या धाग्यांचा ताणा. उजेडाची जागा मागाची, उरलेली माणसांची. घरात बाळंतपण निघो की बारसं, माग आपल्या जागेवरच. पाळणा, जातं, अंथरुणं यांनीच त्याच्या कडेनं जागा शोधायची. नगरच्या जुन्या विणकर वस्त्यांमधला संसार असा मागाला वळसा घालत चालला.

आज पुण्या-मुंबईत हौसेनं टेबलावरचा छोटा माग विकत घेणारी मंडळी आहेत. नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या शाळा सांभाळून विणायला वेळ कसा काढायचा, ही त्यांची अडचण खरीच आहे. विणकराच्या घरात हाच प्रश्न उलट्या बाजूनं पडायचा. मागातून घरासाठी वेळ कसा काढायचा? त्याची उत्तरं शोधायला नगर जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. शहरात सुती लुगडी, माळरानावर लोकरीची घोंगडी, आणि जिल्ह्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की एकीकडे पैठण, दुसरीकडे येवला, म्हणजे पैठणी. तीन प्रकारचं कापड, आणि प्रत्येकानं घराकडून मागितलेली किंमत वेगळी.

अठरा किलोमीटर धागा

मलिक अहमद निजामशाहानं पंधराव्या शतकाच्या अखेरीला नगर वसवलं. पुढे इंग्रजी अमदानीत 1884 साली जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं, तेव्हा हातमाग हा इथला मोठा उद्योग होता आणि लुगडी हा त्याचा मुख्य माल. नगरप्रमाणे संगमनेरातही माग चालत. विणणाऱ्यांत साळी, कोष्टी, मोमीन होते आणि तेलंगणातून आलेले पद्मसाळीही. दुष्काळ आणि कामाचा शोध यांनी पद्मसाळ्यांना सोलापूर, नगर अशा गावांत आणलं. घरात तेलुगू, बाजारात मराठी असा त्यांचा दुहेरी संसार. मार्कंडेय ऋषी हे त्यांचं दैवत. मार्कंडेयांचा पुत्र भावना ऋषी यानं कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं, ही कथा या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

कथेत विणणारा एकटा आहे. घरात तो कधीच एकटा नसायचा.

सूत बाजारातून लडीच्या रूपात येतं. लडी सोडवायची, रहाटावर धागा उतरवायचा, ताणा करायचा, त्याला खळ लावायची, कुंच्यानं धागे मोकळे करायचे, नवा ताणा जुन्याला तार तार जोडून सांधायचा. त्यानंतर बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, कांड्या भरायच्या. धोट्यात बसणारी ही बोटाएवढी कांडी संपली की माग थांबतो, आणि माग थांबला की दिवसाची कमाई थांबते. विणणं बहुतेक घरांत पुरुषाकडे असे. त्याआधीचं जवळजवळ सगळं बायका, मुलं आणि म्हातारी माणसं यांच्याकडे.

हे काम किती होतं, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. नऊवारी लुगडं म्हणजे 324 इंच लांबी. इंचाला बाण्याचे 50 तार धरले तर धोटा 16,200 वेळा या कडेकडून त्या कडेला जातो. पन्हा 45 इंच असेल तर नुसता आडवा धागाच साडेअठरा किलोमीटर भरतो. हा सगळा धागा मागावर चढण्याआधी कुणाच्या तरी बोटांतून कांडीवर गेलेला असतो. उभ्या धाग्याचा हिशेब आणखी वेगळा.

कांडी भरायला फार जागा लागत नाही आणि काम मध्येच सोडता येतं. भाताला आधण येईपर्यंत दोन कांड्या, मूल झोपलं की चार. सोयीचं वाटतं, आणि गोम तिथेच आहे. जे काम घरकामाच्या फटींत बसतं ते घरकामातच जमा होतं. लुगड्याची मजुरी मिळायची ती नगावर, आणि ती विणकराच्या हातात पडायची. कांडीचा वेगळा दाम घरात कुणी कुणाला देत नसे.

ताण्याला मात्र घर पुरत नाही, गल्ली लागते. पहाटे, ऊन चढण्याआधी ताणा रस्त्यावर पसरून खळ लावायची, तर चार घरची माणसं हाताशी हवीत. पावसाळ्यात हे काम अडायचं. तेव्हा घराला मागातून वेळ मिळायचा, पण पोटाला चिमटा घेऊन.

नगरचा धोटा, केंटकीची शाल

1899-1900 च्या मोठ्या दुष्काळानंतर नगरच्या अमेरिकन मराठी मिशनकडे पोरकी मुलं मोठ्या संख्येनं आली. त्यांना हाताला काम शिकवणं भाग होतं. त्याच सुमारास डेव्हिड कॅरोल चर्चिल नावाचे अमेरिकन अभियंते मिशनच्या कामासाठी नगरला आले. जॉन के यानं इंग्लंडमध्ये 1733 साली शोधलेला झटक्याचा धोटा एव्हाना जुना झाला होता, पण दख्खनमधले बहुतेक माग अजून हातानंच धोटा फेकत होते. चर्चिल यांनी स्वस्त, सोपा आणि वेगवान हातमाग घडवण्याचा ध्यास घेतला. स्वदेशीच्या त्या दिवसांत नगरच्या 'चर्चिल मागा'चं नाव देशभरच्या हातमाग-चर्चेत घेतलं जाऊ लागलं.

वेगवान मागानं विणकराचे हात मोकळे केले. घराचं काय झालं? धोटा दुप्पट वेगानं धावू लागला की कांड्याही दुप्पट लागतात. त्या भरणाऱ्या बाईचा रहाट होता तोच, चूलही तीच. मागाच्या सुधारणेवर तेव्हा पुष्कळ डोकं चाललं, कांडी भरण्याकडे त्यामानानं फार थोड्यांचं लक्ष गेलं. वेळ वाचला तो मागावर, खर्च झाला तो ओसरीवर.

चर्चिल यांची पुढची गोष्ट नगरकरांना फारशी ठाऊक नाही. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी आणि पत्नी एलिनॉर यांनी 1922 साली केंटकी राज्यातल्या बेरिया गावी 'चर्चिल वीव्हर्स' हा हातमागाचा कारखाना काढला. माग कॅरोल यांच्या कल्पनेतले. लहान बाळांची पांघरुणं, शाली आणि रुमाल तिथे विणले जात. तो कारखाना 2007 पर्यंत चालला, म्हणजे पंच्याऐंशी वर्षं. तिथल्या बाया घरून कामावर येत, विणत आणि परत जात. नगरच्या ओसरीवर कामाचा आणि घराचा उंबरठा एकच होता.

चालतं घर, चालती लोकर

पारनेर, संगमनेरच्या पठारावर चित्र पालटतं. इथे घरच चालतं. मेंढपाळ धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, करडं आणि तान्ही मुलं. अशा बिऱ्हाडात खड्डामाग कुठून असणार?

त्यामुळे काम वाटलं गेलं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धनगरांच्या वेगवेगळ्या शाखा कोणत्या पावसाच्या, कोणत्या गवताच्या मुलखात राहतात आणि त्यावर त्यांचे धंदे कसे ठरतात, हे मांडलं. हटकर मेंढरांमागे फिरणारे. खुटेकरांचं नाव विणकामातल्या खुंटाशी जोडलं जातं. मेंढरं पाळण्याबरोबर लोकर विणणं हा त्यांचा धंदा. सणगर घोंगडी विणणारे. एकानं चालायचं, दुसऱ्यानं बसायचं, आणि लोकर दोघांमधून फिरायची.

दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ, वर्षातून दोनदा कातरायची. ती धुवायची, पिंजायची, कातायची. हे कातणं पुन्हा बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजा, भिजवा, वाटा, शिजवा. कृती ऐकली तर कुणालाही वाटेल की स्वयंपाकच चाललाय, आणि पाट्यावर चिंचोके वाटणारे हातही बहुधा स्वयंपाकाचेच. ही खळ घोंगडीला ताठपणा देते. म्हणून पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी चटकन आत उतरत नाही.

घोंगडी घरात परत येते ती अनेक नावांनी. बाळंतिणीचं अंथरूण तीच, शेतातलं पांघरूण तीच, खंडोबाची तळी भरताना खाली अंथरायची तीही तीच. पारनेर तालुक्यातल्या कोरठणच्या खंडोबाला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग घोंगडी मागे का पडली? गिरणीची चादर आणि सोलापुरी ब्लँकेट स्वस्त पडलं हे एक. दुसरं कारण मेंढीतच आहे. भाव मटणाला आहे, राठ लोकरीला नाही. कातरणीचा खर्च लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून कमी लोकरीच्या, भारी वजनाच्या मेंढ्या कळपात आल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचा प्रकल्प आहे. तिथेही कोकराचं वजन हा मोठा निकष असतो. शास्त्रज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही; मेंढपाळाला हवं तेच ते करतात. मात्र कातणाऱ्या हातांचं काम त्याबरोबर गेलं.

मोजलेले तार

कोपरगाव सोडलं की थोड्याच अंतरावर येवला. शिर्डीला आलेली माणसं पैठणीसाठी वाट वाकडी करून तिथे जातात. इथेही माग घरातच असतो, पण त्याचा स्वभाव निराळा. लुगडं तालावर विणलं जातं. हात चालत असता बोलता येतं, मुलाला रागावता येतं. पैठणीचा पदर मोजून विणावा लागतो. मोर, मुनिया, कमळ यांतला प्रत्येक रंग स्वतंत्र छोट्या तिल्लीवरचा, आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवायचे. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसली पाहिजे. एक तार चुकला तर तिथपर्यंत उसवायचं. दाराची कडी वाजली, दूध उतू गेलं, फोन आला, की मोजणी तुटते. साध्या पदराची पैठणी काही आठवड्यांत उतरते, भरगच्च कामाची कित्येक महिने खाते.

येवल्यात आज अनेक स्त्रिया स्वतः मागावर बसतात. जुन्या नगरशी तुलना केली तर हा बदल मोठा. कांडी भरणारी बाई विणकर झाली आणि मजुरी तिच्या नावानं निघू लागली. तरी एक प्रश्न उरतोच. ती मागावर बसली, तर तिच्या कांड्या कोण भरतं आणि स्वयंपाक कोण करतं? काही घरांत सासूबाई, काही घरांत नवरा. जिथे दोघंही नाहीत, तिथे तिचा दिवस पहाटे सुरू होतो.

चौंडीच्या लेकीचं उत्तर

जामखेड तालुक्यातल्या चौंडीत 31 मे 1725 रोजी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर धनगर घरातल्या. म्हणजे लोकरीच्या घरातून आलेल्या. 2024 मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. नर्मदाकाठी महेश्वरला त्यांनी राजधानी नेली, बाहेरून विणकर बोलावून वसवले, आणि महेश्वरी साडीची परंपरा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

दोन शतकांनंतर ही कला मोडकळीला आली, तेव्हा 1970 च्या दशकाच्या अखेरीला रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी महेश्वरात 'रेहवा सोसायटी' उभी केली. मागांसाठी घराबाहेर सामाईक जागा, मागावर स्त्रिया, आणि जोडीला विणकरांच्या मुलांसाठी शाळा. पोर कुठे ठेवायचं हा प्रश्न इथे विणकामाचाच भाग मानला गेला. साडीच्या किमतीत ती शाळा धरलेली आहे.

मागानंतरची ओसरी

नगरात असं काही उभं राहिलं नाही. नऊवारीची सहावारी झाली, यंत्रमाग आले, आणि घरोघरचे खड्डे एकेक करून बुजले. पद्मसाळी घरांतल्या अनेक बायका त्याच ओसरीवर विडी वळू लागल्या. पान आणायचं, कापायचं, वळायचं, मोजून द्यायचं. काम कष्टाचं आणि तंबाखूचं, त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण एक फरक नोंदवायला हवा. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विडी वळणारीलाही कामगार मानलं. तिच्या आजीनं आयुष्यभर कांड्या भरल्या. तिला कोणत्याच कायद्यानं तसं म्हटलं नव्हतं.

सरकारी मोजणीत हे चित्र आता थोडं बदललं आहे. 2019-20 च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात 35.22 लाख हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत विणकर 26.73 लाख आणि पूर्वतयारीचं, जोडीचं काम करणारे 8.48 लाख. विणकरांतल्या दर शंभरांत बहात्तर स्त्रिया आहेत. कांडी भरणारीला निदान रकाना मिळाला.

या दिवाळीत पैठणी किंवा घोंगडी घेणार असाल, तर काठ आणि पदर पाहून झाल्यावर विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात. हे मागावर किती दिवस होतं, आणि कांड्या कुणी भरल्या? येवल्यात विणकराच्या घरीच गेलात, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारी व्यक्ती बहुधा आतल्या खोलीत असते. तिला बाहेर बोलवायला सांगा.