अँटवर्पला धावलेला बेळगावकर

ऑलिंपिकचा विषय निघाला की आपल्या सीमाभागातील घरांतून खाशाबा जाधवांचे नाव हटकून घेतले जाते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या मातीत घडला, तेव्हा निपाणी-बेळगावकरांना तो आपला वाटावा यात नवल नाही. मात्र खाशाबांच्या पदकाच्याही आधी बत्तीस वर्षे प्रत्यक्ष बेळगावचा एक गडी ऑलिंपिकमध्ये धावून आला होता, हे आज कितीजणांस सांगता येईल? त्यांचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले.

नावात कानडी ‘अप्पा’ आणि आडनाव गावगाड्यातील चौगुल्याचे, म्हणजे पाटलाच्या हाताखालच्या वतनदाराचे. चिकोडी-निपाणीपासून बेळगावपर्यंत अशी नावे पावलोपावली आढळतात. ती कोणत्या भाषेच्या खाती मांडावी, या वादात शिरण्याची आम्हांस इच्छा नाही. १९२० साली बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. तो म्हैसूर राज्यात गेला १९५६ साली. शर्यतीच्या नोंदीत चौगुल्यांच्या नावापुढे ‘इंडिया’ एवढाच शब्द आहे.

या प्रवासाचा आरंभ पुण्यात झाला. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांचे अध्यक्षस्थान सर दोराबजी टाटांकडे होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक स्पर्धक खेड्यापाड्यांतील कुणबी. पायांत वहाण नाही, रस्ता खडबडीत, कोणी शास्त्रशुद्ध शिकवलेले नाही. असे असूनही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या. टाटांच्या मनाने घेतले की ही मंडळी ऑलिंपिकला गेली पाहिजेत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला आणि स्वतःची थैलीही सैल केली. संयोजकांचे अज्ञान मात्र मोठे होते. शंभर मीटर धावण्यास किती वेळ पुरावा, असे विचारले असता समितीवरील एका गृहस्थांनी एक-दोन मिनिटे असे उत्तर दिले, ही आख्यायिका क्रीडा-इतिहासात अद्याप सांगितली जाते. हिशेब सेकंदांच्या अंशांचा असतो हे कळल्यावर ते थक्क झाले म्हणतात!

अखेर सहा जणांची निवड झाली. धावण्यासाठी चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. इंग्लंडात काही आठवडे सराव करून हा चमू बेल्जममधील अँटवर्पला पोहोचला. महायुद्धाच्या जखमा तेथे ओल्या होत्या. सहाच वर्षांपूर्वी याच देशाच्या मातीत हिंदी शिपाई लढले आणि पडले होते. पराभूत जर्मनीला त्या वर्षी निमंत्रणच नव्हते.

मॅरेथॉन झाली २२ ऑगस्ट १९२० रोजी. हवा गार, वर पाऊस. तो मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही. आमच्या वाचकांना अंतराची कल्पना यावी म्हणून सांगतो : बेळगावहून धावत खानापूर गाठायचे आणि तेथून निम्म्याहून अधिक वाट परत यायची. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. अवघ्या तेरा सेकंदांनी मागे पडलेला युरी लॉसमन एस्टोनियाचा. त्या चिमुकल्या देशाने स्वातंत्र्य पुकारून दोनच वर्षे झाली होती. चौगुल्यांच्या देशाला अजून सत्तावीस वर्षे थांबायचे होते.

चाळीसहून अधिक धावपटूंत चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

एकोणिसावा म्हणजे काही विशेष नाही, असे कोणी म्हणेल. पदकांच्या यादीत ज्याचे नाव नाही त्याला विसरण्याची आपल्याला सवयच आहे. आम्ही थोडा हिशेब करून पाहिला. चौगुल्यांनी प्रत्येक किलोमीटर चार मिनिटांच्या किंचित आत कापला, आणि तोही सलग बेचाळीस किलोमीटर! ४२.१९५ किलोमीटर हे आजचे प्रमाण अंतर धरले, तर त्याच गतीने त्यांना सुमारे २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद लागले असते. स्वतंत्र भारतातर्फे १९५२ साली हेलसिंकीला सुरतसिंग माथुर यांनी मॅरेथॉन पूर्ण केली, ती २ तास ५८ मिनिटे ९ सेकंदांत, बावन्नाव्या क्रमांकाने. माथुरांना उणे लेखण्याचा हेतू नाही. त्यांचेही नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. परंतु बत्तीस वर्षांनंतरही बेळगावच्या माणसाची वेळ गाठता आली नव्हती, हे आकडेच सांगतात. पुढे १९७६ साली माँट्रियलला शिवनाथसिंग अकरावे आले, २ तास १६ मिनिटांच्या वेळेने.

अँटवर्पला कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. कांस्यपदकाची लढत ते इंग्लंडच्या बर्नार्डशी हरले. ती जिंकली असती तर कुस्तीतील पदकासाठी १९५२ ची वाट पाहावी लागली नसती. हेलसिंकीला ते कांस्य खाशाबांनी मिळवले. त्याच हेलसिंकीत उद्घाटनाच्या दिवशी स्टेडियमच्या उंच मनोऱ्यावरील ज्योत एका बासष्ट वर्षांच्या वृद्धाने पेटवली. तो होता हानेस कोलेहमाइनेन, अँटवर्पच्या पावसात फडेप्पा चौगुल्यांच्या अठरा मिनिटे पुढे धावलेला.