सहलीची बचत आणि उधारीचें कार्ड

अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत १९७१ सालीं उघडलेलें वॉल्ट डिस्ने वर्ल्ड मुलांना दाखविणें, हा तेथील मध्यम स्थितींतील कुटुंबास मोठाच खर्च होय. तो हलका व्हावा म्हणून पुष्कळ लोक बक्षीस देणारें क्रेडिट कार्ड घेतात. तीं सारींच पैसा वांचवितात काय, हें पाहूं.

२०२४ सालचीं तीन कार्डें घ्या. चेस बँकेचें साधें डिस्ने कार्ड विनावर्गणी असून खर्चाच्या शेंकडा १ परत देई. तिच्याच प्रीमियर कार्डाची वार्षिक वर्गणी ४९ डॉलर. किराणा, पेट्रोल, उपाहारगृहें व डिस्नेचीं बहुतेक ठिकाणें यांवर तें शेंकडा २ देई. म्हणजे साध्या कार्डापेक्षां अधिक मिळणारा जो एक टक्का, त्यांतून वर्गणी भरून निघण्यासच या बाबींवर वर्षास ४,९०० डॉलर खर्च झाले पाहिजेत. शिवाय हें बक्षीस मुख्यत्वें डिस्नेकडेच खर्चावयाचें. उलट, सिटी बँकेचें विनावर्गणी डबल कॅश कार्ड खरेदी करतांना १ व बिल भरतांना १, असें सर्वच खर्चावर शेंकडा २ देई. आणि तो पैसा कोठेंही चाले.

परंतु खरी मेख व्याजांत आहे. समजा, सहलीचे ५,००० डॉलर कार्डावर खर्च केले. शेंकडा २ प्रमाणें बक्षीस १०० डॉलर. वार्षिक शेंकडा २४ दरानें ती बाकी एक महिना राहिली, तर व्याजही १०० डॉलरच! पुढें पदरचे जाऊं लागतात. यास्तव दरमहा बिल पुरें फेडणाऱ्यानेंच कार्डांची तुलना करावी. इतरांनीं आधीं पैसा सांठवावा आणि मग सहलीस निघावें, हेंच श्रेयस्कर.