खोडदच्या तबकड्या, 2898 सालची काशी आणि लाटवियाचं मांजर

सायन्स फिक्शन म्हणजे हॉलिवूडचा प्रांत, आपला त्याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणालं की पारगावकरांनी सरळ नारायणगावच्या दिशेला बोट दाखवावं. पारगाव जुन्नरमधलं असो की आंबेगावातलं, खोडदची महादुर्बीण (जीएमआरटी) दोन्हीकडून जवळच!

'कॉन्टॅक्ट' (1997) या सिनेमात जोडी फॉस्टर हेडफोन लावून अवकाशातला आवाज ऐकते. तिच्या मागे दिसतात त्या न्यू मेक्सिकोतल्या तबकड्या 27 आहेत, प्रत्येकी 25 मीटर व्यासाच्या. आपल्या जीएमआरटीच्या 30 आहेत आणि एकेक 45 मीटरची. हेडफोनचं काम मात्र इथं संगणक करतात. जवळून पाहा, तबकडी भरीव नाहीच. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारांची ती जाळी आहे. वारा तिच्यातून आरपार जातो, पण लांबलचक रेडिओलहरींच्या लेखी ती छिद्रं नसतातच. त्या जाळीवर आपटून परत फिरतात.

याच तबकड्यांनी 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या 'स्कियापरेली' यानाचे क्षीण संदेश टिपले. यान पुढे मंगळावर आदळलं, पण त्याची शेवटची हाक आपल्या जुन्नर तालुक्यात ऐकू आली. यावर सिनेमा निघायलाच हवा!

'इंटरस्टेलर'मध्ये कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. थिएटरात पुन्हा लागला तेव्हा तरुणांनी गर्दी केली, ती रास्तच. पण मूळ सिनेमाच्या 40 वर्षं आधी, 1974 मध्ये, जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती. नाव टाकलं नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं, हे सांगायला नकोच.

भविष्यातल्या काशीत घडणाऱ्या 'कल्की 2898 एडी'त 2898 हाच आकडा का? श्रीकृष्णाचं निर्वाण परंपरेने इ.स.पू. 3102 मधलं धरतात. दोन्ही मिळवा, बरोबर 6000! सिनेमा मधेच रेंगाळतो, पण अमिताभचा अश्वत्थामा उभा राहिला की पैसे वसूल.

अ‍ॅनिमेशनमध्ये माझा पहिला नंबर 'फ्लो'चा. पुरात अडकलेलं एक मांजर आणि सोबतीला इतर जनावरं. अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही, त्यामुळे आजीपासून बालवाडीतल्या नातवापर्यंत सगळ्यांना सारखाच कळतो. तो बनवलाय 'ब्लेंडर' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि त्यानेच लाटवियाला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. गावाकडे लॅपटॉपवर काहीबाही करणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. 'द वाइल्ड रोबोट'ने डोळ्यांत पाणी आणलं. 'महावतार नरसिंह'चा शेवट जबरदस्त आहे, मात्र शांत प्रसंगांत चेहरे ताठ वाटतात. तरीही भारतीय अ‍ॅनिमेशनपटांत सर्वाधिक कमाई त्याचीच.

2023 चा 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' मराठीतही आला होता. दर मोठ्या अ‍ॅनिमेशनपटाचं असं व्हायला हवं. पोरं भाषांतर समजून घेत बसण्यापेक्षा गोष्टीत रमतील.

आणि आपलं मराठी? सुजय डहाके यांनी 2014 मध्ये 'आजोबा' केला. त्याचा नायक म्हणजे टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, माळशेज घाटात सोडलेला आणि तिथून थेट मुंबईकडे चालत गेलेला खराखुरा बिबट्या! त्याच डहाकेंनी 2016 मध्ये 'फुंतरू' हा सायन्स फिक्शनपट काढला. असे प्रयत्न मराठीत फारच थोडे, म्हणून तो शोधून पाहावा असा.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. आदल्या रात्री घरातल्या पोरांना 'कॉन्टॅक्ट' दाखवा आणि सकाळी त्यांना तिकडे घेऊन जा.